शटर पडलेल्या बारची नोंदवही

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मागच्या अंकात गावातल्या बंद पडलेल्या जागांची, म्हणजे जिनिंग, टॉकीज, खानावळ यांची, नोंद कशी ठेवावी ते सांगितलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एक गठ्ठा वेगळा निघाला. पुरुषांवर जीव लावणारे पुरुष एके काळी जिथं बसायचे, त्या परमिट रूमच्या आठवणींचं काय करायचं, असं विचारणारी ही पत्रं आहेत. पत्रलेखकांची नावं आणि गावं गाळून फक्त जिल्हा ठेवला आहे.

एसटी स्टँडसमोर एक बार होता. १९९० नंतरची दहा-पंधरा वर्षं आमच्यासारख्यांचं तेच ठिकाण. आता तिथं मोबाइलची दुकानं आहेत. आम्ही आठ-नऊ जण उरलो. लिहायला बसलो की "काय दिवस होते" याच्या पुढं पेन सरकत नाही. सुरुवात कुठून करू?
— यवतमाळ जिल्हा

माणसांपासून नको, जागेपासून करा. माणसाबद्दल लिहायचं म्हटलं की हात आखडतो. कोणाची बायको हयात आहे, कोणाचा मुलगा सरपंच आहे, हे आधी डोळ्यासमोर येतं. टेबलाला बायकोमुलं नसतात.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर बारचा नकाशा काढा. दार, गल्ला, काउंटर, हात धुवायचं बेसिन, मुतारी, मागचं दार, पंखे. माप आठवत नसेल तर फरशा मोजा. दारापासून गल्ल्यापर्यंत किती पावलं होती, हे पायांना बहुधा आठवतं. मग टेबलं मांडा, आणि प्रत्येक खुर्चीचं तोंड कुठं होतं ते बाणानं दाखवा. हा बाण फार महत्त्वाचा. अशा बैठकीत एक खुर्ची नेहमी दाराकडं तोंड करून असायची आणि तिच्यावर बसणारा ठरलेला असायचा. ओळखीचं कोणी आत शिरलं तर गप्पांचा विषय पिकावर न्यायचं काम त्याचं.

हा नकाशा प्रत्येकाकडून वेगवेगळा काढून घ्या. सगळे एकत्र बसलात तर ज्याचा आवाज मोठा त्याचाच बार सगळ्यांना आठवायला लागतो. तिघांचे नकाशे जुळतील तिथं शाई वापरा, जुळणार नाहीत तिथं पेन्सिल. आणि न जुळलेलं खोडू नका. भिंतीकडं तोंड करून बसणाऱ्याला भिंतीवरचं कॅलेंडर आठवेल, दाराकडं बसणाऱ्याला रस्त्यावरचा बल्ब. दोघंही खरं सांगत असतात.

नकाशा झाला की टेबलावर या. काय मागवायचे? क्वार्टर म्हणजे १८० मिली. ती दोघांत वाटायचे की एकेकाची? निप, ९० मिलीची, कोण घ्यायचा? पैसे नसलेला की घरी वास जाऊ नये म्हणून जपणारा? चखण्याला फल्ली, फुटाणे, की उकडलेली अंडी? बिल कोण भरायचं, आणि ज्याचं बिल नेहमी दुसरा भरायचा तो कोण? नात्यांचा अर्धा इतिहास या शेवटच्या प्रश्नात निघतो.

मग वेळ. तालुक्याच्या बारची घड्याळं दोनच: आठवडी बाजार आणि शेवटची एसटी. खेड्यावरून येणाऱ्याला बाजाराच्या दिवशी गावात असण्याचं कारण सांगावं लागत नाही. मुक्कामी गाडी किती वाजता सुटायची आणि ती कोणत्या गावी जायची, हे लिहून ठेवा. त्यावरून कोण किती वेळ बसू शकत होता ते कळतं. तिसरं घड्याळ वर्षाचं. कापसाचे चुकारे, म्हणजे विक्रीचे पैसे, निघाले की टेबल भरायचं, मृगाच्या तोंडाशी रिकामं व्हायचं. सरकारची कापूस एकाधिकार खरेदी १९७२ ला सुरू झाली, तेव्हापासूनच्या माणसांना "चुकाऱ्याच्या वेळेस" म्हटलं की महिना बरोबर आठवतो.

एवढं कागदावर आलं की माणसं आपोआप खुर्च्यांवर येऊन बसतात. त्यांना नावं देऊ नका, खुर्चीचे आकडे द्या. आकडा आणि नाव जोडणारी यादी वेगळ्या कागदावर, वेगळ्या घरात.

आमच्या त्या ठिकाणाला "गे बार" म्हणावं का? पुण्यातला भाचा म्हणतो, तसंच लिहा.
— अमरावती जिल्हा

तुम्ही तेव्हा काय म्हणत होता ते लिहा. "ऑफिस", "मंडळ", "मीटिंग", असं काही ना काही असणारच. भाच्याचा शब्द फार तर एकदा कंसात टाका.

गंमत अशी की मुंबईतल्या अड्ड्यांवरही तशी पाटी नव्हती. कुलाब्यातला वूडू शनिवारच्या रात्रीपुरता या मंडळींचा असायचा. बाकीचे दिवस तो इतर पबसारखाच. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या अशाच बारचं नाव जगभर झालं ते २८ जून १९६९ च्या पहाटे पोलीस शिरले आणि बसणाऱ्यांनी उलट तोंड दिलं म्हणून. तो बार माफियांच्या हातात होता, त्याला दारूचा परवानाही नव्हता. तिथली कारणं तिथली. आपल्या परमिट रूमला "विदर्भाचं स्टोनवॉल" म्हणण्याचा मोह टाळा. तुमच्याकडं एक टेबल होतं, आणि त्या टेबलाचं वैशिष्ट्य हेच की शेजारच्या टेबलावर ग्रामसेवक बसलेला असायचा आणि त्याला काही कळत नसे, किंवा कळूनही तो आपला ग्लास बघत बसे.

असंच "कोती" (बायकी वळणाचा), "पंथी" (त्याचा पुरुषी जोडीदार), "डबल-डेकर" (दोन्ही भूमिका घेणारा) या नावांचं. आपापसात "कोती" म्हणणं जुनं आहे, पण हे सगळे शब्द खेड्यापाड्यापर्यंत कागदोपत्री पोचले ते एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमांतून, विशेषतः २००७ ते २०१२ च्या तिसऱ्या टप्प्यात. १९९२ साली जो स्वतःला काहीच म्हणवत नव्हता, त्याला आज नोंदवहीत "पंथी" लिहिणं चूक आहे. "खुर्ची ४, लग्न झालेला, दोन मुली, दर बुधवारी" एवढं पुरे.

बार कधी बंद झाला यावर वाद आहे. कोणी २०१५ म्हणतो, कोणी नोटाबंदीत, कोणी "हायवेच्या भानगडीत". कागद कुठं मिळेल?
— चंद्रपूर जिल्हा

तुमच्या जिल्ह्यात तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, कारण बंद होणं दोन प्रकारचं असतं. शटर पडतं तो एक दिवस, आणि टेबल रिकामं होतं तो दुसरा. दोन्ही वेगळे विचारा.

शटरच्या तारखा या. चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी १ एप्रिल २०१५ पासून लागली आणि ती उठवायचा निर्णय मे २०२१ मध्ये झाला. नोटाबंदी ८ नोव्हेंबर २०१६. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डिसेंबर २०१६ चा, लागू झाला १ एप्रिल २०१७ ला. वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांना अंतर २२० मीटर केलं होतं. जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दीला त्यातून मोकळीक मिळाली, म्हणून काही बार बंद होऊन पुन्हा उघडले. तेव्हा तुमच्या जिल्ह्यात बंदीच होती, म्हणून हायवेची भानगड ज्याला आठवते तो बहुधा नदीपलीकडच्या बारबद्दल बोलतोय. वरोऱ्याकडचे लोक बंदीच्या काळात वर्धा नदी ओलांडून वणीच्या बाजूला जायचे. वर्धा जिल्ह्यात बंदी सत्तरच्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून, त्यामुळं हिंगणघाट-देवळीकडच्यांना पूल ओलांडायची सवय आधीपासूनच.

इथं एक गोष्ट आवर्जून विचारा. बंदीच्या जिल्ह्यातल्या माणसाला सीमेपलीकडचा बार दुहेरी सोयीचा होता. तिथं ओळखीचं कोणी नाही, आणि पकडला गेलाच तर "प्यायला गेलो होतो" ही कबुली हाताशी. लहान गुन्हा कबूल करून मोठा झाकायचा. हे आम्ही कुठल्या अहवालात वाचलेलं नाही, पण नकाशावर बार आणि नदी एकत्र मांडली की दिसतं.

कागदासाठी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. लांबण लावली की परत येतो. परमिट रूमच्या परवान्याला एफएल-३ म्हणतात, देशीच्या दुकानाला सीएल-३. चुकीचा लिहिलात तर "माहिती उपलब्ध नाही" असं सरळ उत्तर येईल. विचारायचं ते एवढंच: अमुक पत्त्यावरचा एफएल-३ कोणत्या तारखेला मंजूर झाला, शेवटचं नूतनीकरण कोणत्या वर्षासाठी, आणि पुढं रद्द झाला की स्थलांतरित. बार बंद झाला म्हणजे परवाना मेला असं नसतं, तो विकला जाऊन दुसऱ्या गावी चालू असतो. मालकाचा पत्ता, फोन मागू नका. वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज अडतो. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्जात "त्या लोकांचा बार" असलं काही लिहायचं नाही, हे सांगायला नको. इमारतीचं वय नगरपालिकेच्या कर आकारणी नोंदवहीत सापडतं, ग्रामपंचायत असेल तर नमुना ८ मध्ये.

टेबल रिकामं झाल्याची तारीख कोणत्याच कार्यालयात नाही. ती हातात स्मार्टफोन कधी आला, यावरून काढा. पुरुषांनी पुरुष शोधायचं ग्राइंडर हे ॲप २००९ चं, पण तालुक्याच्या गावात स्वस्त डेटा पोचल्यावरच अशा ॲपचा जोर झाला. "शेवटचं आपण पाच जण कधी बसलो?" असं विचाराल तर कोणाचं तरी लग्न किंवा मयत आठवेल, आणि तारीख तिथून सुटेल. विदर्भात साल पक्कं करायला जुने खुंटे चांगले चालतात. नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडचा पूर ३० जुलै १९९१, नागपुरातली गोवारींची चेंगराचेंगरी २३ नोव्हेंबर १९९४. "त्याच्या आधी की नंतर?" एवढं विचारलं की काम होतं.

एक जुना सोबती बोलायला तयार आहे. वय ६८, घरात बायको, सून. मोबाइलवर आवाज भरून घेता येईल का? नीट कसं भरावं?
— वाशीम जिल्हा

येईल. पण आधी निरोप. व्हॉट्सॲपवर त्या बारचं नावही लिहू नका. त्या वयाच्या माणसाचा फोन नातू चालवतो. फोन करून "भेटायला येतो, जुन्या गोष्टी काढू" एवढंच. बायको घरात असेल आणि ती बसून राहिली, तर त्या दिवशी टॉकीजच्या गोष्टी भरा आणि या. दुसऱ्यांदा शेतावर, मंदिराच्या ओट्यावर, किंवा तुमच्याकडं बोलवा. घाई केली की पुढचं कायमचं गेलं.

वेळ सकाळची, सात ते साडेआठ. उन्हाळ्यात दुपारी घेतलंत तर कुलर लागतो आणि कुलरच्या घरघरीत म्हाताऱ्या माणसाचा आवाज पार बुडतो. नंतर कुठल्याही ॲपनं तो वर येत नाही. कुलर बंद केला तर ४५ अंशांत माणूस दहा मिनिटांत उठतो. म्हणून सकाळ, आणि जमलं तर हिवाळा. टिनाचं छप्पर असेल तर पावसाळा नको.

फोन एअरप्लेन मोडवर टाका. मध्येच कॉल आला तर काही फोनांत रेकॉर्डिंग तिथंच तुटतं. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही निवडा; ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ठेवलंत तर तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते. दोन तासांची जागा आधी मोकळी करा. फोन लाकडी टेबलावर उघडा ठेवला तर कपाचा प्रत्येक ठोका त्यात शिरतो, म्हणून दुपट्टा चौघडी करून त्यावर ठेवा, माइकचं छिद्र बोलणाऱ्याकडं, तोंडापासून दीड-दोन वितींवर. फार जवळ धरलात तर प-फ-भ वर फटके बसतात. सुरू केल्यावर वीस सेकंद कोणी बोलू नका. खोलीचा तो रिकामा आवाज पुढं गोंगाट काढायला उपयोगी पडतो. मग तारीख, जिल्हा आणि खुर्चीचा आकडा बोला. नाव नाही. दोन मिनिटं भरून, थांबवून, ऐकून बघा. दीड तास भरल्यावर "माइकवर कव्हर होतं" असं कळणारे लोक आम्हाला दरवर्षी पत्र लिहितात.

विचारायचं काय? "तुम्हाला आपण असे आहोत हे कधी कळलं?" हा मुलाखतीतला सगळ्यात निकामी प्रश्न; त्याला सगळ्यांची उत्तरं सारखी येतात. त्याऐवजी: पहिल्यांदा आत शिरलात तेव्हा सोबत कोण होतं? कोणत्या खुर्चीवर बसवलं? घरी काय सांगून निघायचे? गाडी चुकली तर झोपायचे कुठं? वेटरला किती टीप द्यायचे आणि त्या बदल्यात तो काय करायचा? भांडण कशावरून झालं? आणि हे नक्की विचारा: कोणाला टेबलावर घेत नव्हते? ज्याची चाल, हातवारे नजरेत भरतात तो बरोबर असला की आपणही ओळखले जाऊ, या भीतीनं काही जणांना बाहेर पानठेल्यावरच उभं ठेवलं जायचं. जातीवरूनही व्हायचं. बैठकीच्या गोड आठवणी सांगणारे हे गाळतात. ते गाळलेलं भरायला पानठेल्यावर उभा राहिलेला माणूस शोधा. पानठेलेवालाही शोधा, आणि त्याला फक्त खर्रा कोण कसा घ्यायचा एवढंच विचारा. बारमालकानं फार तर बिल बघितलेलं असतं. समोरच्या ठेल्यावरून कोण कोणासोबत आला आणि कोण कोणासोबत गेला, दोन्ही दिसायचं.

उत्तर थांबलं की मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा आठव्या आकड्याला माणूस पुढं बोलतो. रडू आलं तर फोन बंद करायचा का, हे त्यालाच विचारा. दीड तासाच्या वर घेऊ नका.

उतरवून काढताना वऱ्हाडी पुसू नका. "मले वाटलं, तो येतच नाई आता" याचं "मला वाटलं, तो आता येतच नाही" केलंत तर माणूस गेला आणि मास्तर उरला. एका तासाच्या आवाजाला सहा ते आठ तास लागतात, ते धरून चाला. फाइल पाठवायची झाली तर व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा.

संमती बोलून नव्हे, लिहून घ्या, आणि एका ओळीत नको. आवाज ऐकवू का? उतरवलेलं छापू का? कोणत्या नावानं? तुमच्या हयातीत की नंतर? विचार बदलला तर कोणाला कळवायचं? पाच प्रश्न, समोर हो-नाही, खाली सही. सहीचा कागद त्याच्या घरी ठेवू नका. त्याला हवा असेल तरच प्रत द्या.

आमच्यातले दोघं वारले. एक आजारानं गेला, कोणता आजार ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची नावं लिहून त्यांना मान द्यावा असं वाटतं. कायद्यानं अडचण आहे का?
— बुलढाणा जिल्हा

आहे, आणि दोन ठिकाणी.

मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही असा समज आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ (पूर्वी दंडसंहितेचं ४९९) सांगतं की जिवंतपणी ज्यानं त्याच्या अब्रूला धक्का बसला असता, असं काही घरच्यांचं मन दुखवण्याच्या हेतूनं लिहिलं तर तीही बदनामी ठरू शकते. तुमचा हेतू तसा नाही, पण ते सिद्ध करायला कोर्टाच्या पायऱ्या तुम्ही चढणार. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध काढले, त्यामुळं समलिंगी असणं हा गुन्हा नाही. पण गावातल्या भावकीचा निकाल अजून लागायचा आहे.

आजाराचं तर लिहूच नका. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करायला त्यात मनाई आहे. तुमच्यापैकी कोणी तेव्हा एखाद्या संस्थेत पिअर (आपल्यासारख्यांत फिरून एड्सची माहिती देणारा) म्हणून काम केलं असेल आणि त्या वेळच्या याद्या ट्रंकेत असतील, तर त्या इतिहासाचं साधन नाहीत. त्यांतून एकही नाव या वहीत येता कामा नये.

मान द्यायला नाव लागतंच असं नाही. "खुर्ची २. उसाचा रस सोडून काही पीत नसे, तरी रोज बसे. मुक्कामी गाडीच्या कंडक्टरला सगळ्यांसाठी पाच मिनिटं थांबवून ठेवत असे." ज्यांना कळायचं त्यांना कळतं. घरच्यांपैकी कोणी, बहीण वगैरे, स्वतःहून म्हणाली की नाव टाका, तर तिची सही घेऊन टाका.

पोलिसांनी उचलल्याच्या आठवणी निघतील. त्यात "३७७ लावलं" असं सर्रास सांगतात. चौकीवर बहुतेकदा मुंबई पोलीस कायद्याचं ११०, म्हणजे सार्वजनिक जागी असभ्य वर्तन, लावून दंडावर सोडायचे, किंवा काहीच न लावता घड्याळ ठेवून घ्यायचे. ऐकीव कलम लिहू नका. "किती पैसे गेले आणि कोणी सोडवलं" ते लिहा.

खडी गंमत या लोकनाट्यात नाच्याचं काम करणारे आमच्या गावचे दोघं त्या बारमध्ये असायचे. त्यांनाही या यादीत घ्यावं ना?
— गोंदिया जिल्हा

बारमध्ये बसायचे म्हणून घ्या. नाच्या होते म्हणून नको. खडी गंमत आणि दंडारीत बाईचं काम पुरुषानं करणं ही झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाची, जुनी रीत आहे. त्यातले कितीतरी जण कापणी झाली की लुगडं नेसायचे आणि पेरणीला तिफण धरायचे, बाकी काही नाही. काहींना मात्र तेवढीच एक जागा होती जिथं लुगडं नेसलं तर लोक पैसे द्यायचे. कोण कुठला, हे ज्याचं त्यानं सांगायचं.

फोटो आहेत चौदा, आणि बारमध्ये लागायच्या त्या भरून घेतलेल्या दोन कॅसेटी. फोटो चिकट अल्बमला घट्ट बसलेत. एक काचेला चिकटला आहे.
— अकोला जिल्हा

काचेला चिकटलेला ओढू नका. पाणी नको, वाफ नको. फोटोचा रंगीत थर काचेवरच राहील आणि हातात पांढरा कागद येईल. काचेसकटच, ढगाळ उजेडात, तिरप्या कोनातून चमक टाळून त्याचा फोटो काढा आणि फ्रेम तशीच ठेवा.

चिकट अल्बमचे फोटो सुटतात. दातात घालायचा बिनमेणाचा फ्लॉस, नाही तर बारीक शिलाईचा दोरा घ्या. फोटोच्या कोपऱ्याखाली घालून करवतीसारखा मागं-पुढं सावकाश ओढा. सुरी घातली की कोपरा फाटतो, ड्रायरनं तापवलं की फोटो वळतो. एका कोपऱ्याला अडलं तर दुसऱ्या कोपऱ्यावरून या. तरीही अडलं तर पानासकट कापून ठेवा.

स्कॅन ६०० डीपीआयला. चार बाय सहा इंचाचा फोटो त्यात २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो, पुरतो. पासपोर्ट आकाराचे १२०० ला. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख तिथंच असते. फोटोमागं बॉलपेननं लिहू नका, पुढं वळ उमटतो. मऊ पेन्सिलनं फक्त खुर्चीचा आकडा लिहा. आणि तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडं स्कॅनला देणार असाल तर त्याच्या संगणकात प्रत राहते हे लक्षात ठेवा. समोर उभं राहून पुसून घ्या, रिसायकल बिनसकट.

पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. चिठ्ठ्यांचं उलट आहे. कागद ज्याला चिठ्ठी आली त्याचा, शब्द लिहिणाऱ्याचे, आणि लिहिणारा गेल्यावरही साठ वर्षं त्याच्या वारसांचे. म्हणजे मित्राची चिठ्ठी तुम्ही जपू शकता. तशीच छापायला मात्र त्याच्या मुलाला विचारावं लागेल. त्यामुळं बहुतेक चिठ्ठ्या छापल्या जात नाहीत, आणि बहुतेकदा तेच बरं.

कॅसेट लगेच लावू नका. आधी कॅसेटच्याच छोट्या खिडकीतून फितीकडं बघा. गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट प्लेयरमध्ये घातली की बुरशी त्याच्या हेडला लागून पुढच्या कॅसेटवर जाते. ती कोरड्या डब्यात वेगळी ठेवा आणि स्टुडिओवाल्याला दाखवा. स्वच्छ असेल तर आधी वरच्या कडेचे दोन्ही चौकोनी दात मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी जुनं पुसलं जाणार नाही. फितीमागच्या पट्टीवरचा नमद्याचा बारीक तुकडा पडला असेल तर आवाज दबून येतो. भंगारातल्या दुसऱ्या कॅसेटीतून काढून बसवता येतो. पेन्सिल घालून फीत ताणून घ्या, एकदा शेवटपर्यंत पुढं आणि पुन्हा मागं फिरवा, मगच वाजवा. वाजवताना एकाच दमात संगणकात भरून घ्या, कारण जुनी फीत दुसऱ्यांदा वाजेलच याची खात्री नसते.

गाणी बाजारात मिळतात, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप नको. पण कॅसेटच्या कार्डावर दुकानदारानं कोणाच्या सांगण्यावरून कोणती गाणी कोणत्या क्रमानं भरली, ते कार्ड जपा. तेच गाणं तीनदा भरलेलं असेल तर कोणासाठी, ते विचारा.

हे सगळं ठेवायचं कुठं? मुलांच्या हाती लागू नये, पण जळूनही जाऊ नये.
— वर्धा जिल्हा

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर. घरच्या पेन ड्राइव्हवर एक, हार्ड डिस्कवर एक, तिसरी नागपूर-पुण्याच्या विश्वासातल्या माणसाकडं. फोल्डरला पासवर्ड घाला आणि तो पासवर्ड कागदावर तिसऱ्याकडंच ठेवा, नाही तर तुमच्या माघारी कोणालाच उघडणार नाही. संस्थेकडं द्यायचं असेल तर बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात क्यूएएमआरए (क्वीअर अर्काइव्ह फॉर मेमरी, रिफ्लेक्शन अँड ॲक्टिव्हिझम) नावाचा अशाच कागदपत्रांचा संग्रह आहे. कुठंही देताना "अमुक सालापर्यंत उघडू नये" ही अट लेखी घाला. सगळ्या खुर्च्यांचं वय मोजून साल ठरवा.

मूळ कागद लॅमिनेट करू नका, त्यातलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. लोखंडी ट्रंक चालेल, पण जमिनीला टेकलेली नको, वाळवी खालून येते, विटांवर ठेवा. टिनाखालच्या माळ्यावर तर मुळीच नको, मे महिन्यात तिथं फोटो फोटोला चिकटतात. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर वाळवून, फडक्यात बांधून, कोपऱ्यात. पोळा झाला, पाऊस ओसरला की एकदा ट्रंक उघडून सावलीत तासभर वारा द्या, आणि त्याच दिवशी पेन ड्राइव्ह लावून चार-पाच फाइली उघडतात का ते बघा.